अजिंठ्याच्या भिंतींवरचे कापड आणि डोरोथी लार्चर

१९३७ साली लंडनच्या भुयारी रेल्वेने आपल्या डब्यांतील आसनांसाठी कापडाचे नवे नमुने करून घेतले. ते करणाऱ्यांमध्ये एनिड मार्क्स हे नाव होते. रोज लाखो माणसे ज्यावर बसणार, ते कापड मळलेले दिसू नये आणि धावत्या गाडीत डोळ्यांना त्रासही देऊ नये, अशी विचित्र अट त्या कामाला होती. मार्क्स यांनी हे शिक्षण मोठ्या कलाशाळेत घेतले नव्हते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टने तर त्यांना पदविकाच नाकारली होती. त्या शिकल्या १९२५ मध्ये, दोन स्त्रियांच्या छपाईच्या कार्यशाळेत उमेदवारी करून. त्या दोघींपैकी एकीने त्याआधी कित्येक वर्षे, मराठवाड्याच्या उत्तर टोकाला, सिल्लोडच्या पुढे अजिंठ्याचा घाट उतरल्यावर लागणाऱ्या लेण्यांत भिंतीवरच्या रेषा उतरवून घेतल्या होत्या. त्यांचे नाव डोरोथी लार्चर.

मराठीत हे नाव जवळजवळ कुणी घेत नाही. अजिंठा म्हटले की जॉन स्मिथची १८१९ ची शिकार आठवते, मेजर रॉबर्ट गिल आणि पारू आठवतात. ना. धों. महानोरांच्या दीर्घकाव्यामुळे ती कथा घरोघरी पोहोचली आहे, ती पुन्हा सांगण्याचे येथे कारण नाही. मात्र अजिंठ्याने चित्रकारांइतकेच कापडाशी जगणाऱ्या माणसांनाही काही दिले, ही गोष्ट मागे पडली. ती समजून घ्यायची तर आधी वाट पाहावी लागते.

सिल्लोड सोडून जळगावच्या रस्त्याने निघाले की कपाशीची काळी जमीन दोन्ही अंगांना लागते. गोळेगावनंतर अजिंठा गाव येते. तटबंदी आणि वेशी असलेले हे जुने ठाणे आजही सिल्लोड तालुक्यात आहे. त्यानंतर पठार एकदम संपते आणि घाट खाली खानदेशात उतरतो. पायथ्याचे फर्दापूर आणि वाघूर नदीच्या नालाकृती दरीतील लेणी सोयगाव तालुक्यात येतात. दख्खनचे पठार आणि तापीचे खोरे यांना जोडणारी ही खिंड फार जुन्या व्यापारी वाटांच्या टापूतली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तेर या दोन बाजारपेठांचा उल्लेख आहे. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून तेर आणखी दहा दिवसांवर, असे तो लेखक सांगतो. तेरहून भडोचकडे जाणाऱ्या मालात साधे कापडही होते आणि तलम मलमलही. म्हणजे या मुलखातून कापूस नव्हे, तर विणलेले कापड गाड्यांवर लादून समुद्राकडे जात होते.

या कापडाचे विणकर कोण, याची एक झलक नाशिकच्या पांडवलेण्यांत मिळते. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने दिलेल्या दानाचा शिलालेख तेथे आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापणे कायमची ठेव म्हणून ठेवली. व्याज दरमहा शेकडा एक. वर्षाला २४० कार्षापणे होतात. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापणे द्यावयाची होती. हिशेब तंतोतंत जुळतो. विणकरांची पत त्या काळी पेढीइतकी होती आणि लेण्यांचा संसार त्यांच्या मागावर चालत होता. मात्र त्या श्रेणीतील एकाही विणकराचे नाव त्या शिलालेखात नाही. नाव आहे ते दात्याचे.

अजिंठ्याची प्रसिद्ध चित्रे बहुतांशी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातील. पाहणारा पद्मपाणीच्या अर्धोन्मीलित डोळ्यांपाशी थांबतो आणि तेथूनच परत फिरतो. त्याच्या कमरेचे वस्त्र पट्ट्यापट्ट्यांचे आहे, हे क्वचितच कुणाच्या लक्षात येते. पहिल्या लेण्यात एका वस्त्राच्या पट्ट्यांमधून हंसांची रांग चालते. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त नववधूच्या दुकूलावर हंसांची चिन्हे आहेत. कवीने ज्याचा नुसता उल्लेख करून सोडून दिले, ते चित्रकाराने जवळून पाहून रंगवले. आणखी एका चोळीवर बांधणीसारखे बारीक ठिपके आहेत. सतराव्या लेण्यातील काही वस्त्रांवर बाणाच्या टोकासारख्या खुणा ओळीने येतात आणि त्यांच्या कडा किंचित फुटलेल्या असतात. आधी सूत बांधून रंगवायचे आणि मग विणायचे, म्हणजे ज्याला आपण आज इकत किंवा पटोळ्याचे काम म्हणतो, त्यात नक्षीची कड अशीच फुटते. रंगवलेल्या भिंतीवर ती फूट दाखवण्याची चित्रकाराला काहीच गरज नव्हती. तरी त्याने ती दाखवली. त्याने कापड हातात घेऊन पाहिले असले पाहिजे.

पहिल्या लेण्याच्या छताकडे मान वर करून पाहिले तर फुलाफळांचे, पशुपक्ष्यांचे चौकोन एकाला एक जोडलेले दिसतात आणि मध्ये मोठे वर्तुळ येते. दगडाखाली कापडाचा चांदवा ताणल्यासारखी ही रचना आहे. त्याच छतावर उंच टोप्या आणि अंगरखे घातलेले परदेशी पाहुणे पेला हातात घेऊन बसले आहेत, आणि त्यांच्या पायांतील पट्ट्यापट्ट्यांचे मोजेसुद्धा चित्रकाराने सोडलेले नाहीत.

याच सुमारास उत्तरेकडे, माळव्यातील दशपुरात म्हणजे आजच्या मंदसोरात, रेशीम विणणाऱ्यांच्या एका श्रेणीने सूर्यमंदिर बांधले होते. वत्सभट्टी नावाच्या कवीकडून त्यांनी त्याची प्रशस्ती लिहवून घेतली. तीत ४३६ च्या सुमाराचे मंदिर आणि ४७३ च्या सुमाराचा जीर्णोद्धार नोंदला आहे. हे विणकर मूळचे लाट देशाचे, म्हणजे दक्षिण गुजरातचे. सगळे सोडून ते नव्या गावी आले. तेथे कुणी मागावर राहिले, कुणी धनुर्विद्येत गेले, कुणी ज्योतिषात, कुणी कथाकथनात. प्रशस्तीत त्यांनी आपल्या मालाची जाहिरातही करून घेतली आहे. तारुण्य, दागिने, विडा, फुले सगळे असूनही रेशमी वस्त्राची जोडी अंगावर आल्याशिवाय स्त्री प्रियाकडे जात नाही, असा त्या श्लोकाचा भाव आहे. प्राचीन भारतातील कापडवाल्यांचे याहून ठसठशीत आत्मकथन सापडणे अवघड. अजिंठ्याच्या भिंतीवरचे कापड अशाच कुणा फिरत्या हातांचे.

आता एकोणिसाव्या शतकाकडे वळू. गिलने १८४४ नंतर अजिंठ्यास राहून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२ च्या हिवाळ्यापासून विद्यार्थ्यांना घेऊन येथे येऊ लागले. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतले पुढे नावाजलेले चित्रकार. हे काम १८८५ पर्यंत थांबत-चालत राहिले. ग्रिफिथ्स हे नक्षीकामाचे शिक्षक. त्यांच्या लेखी अजिंठा ही विद्यार्थ्यांसाठी नमुन्यांची खाण होती. १८९६-९७ मध्ये निघालेल्या त्यांच्या दोन खंडी ग्रंथाचा दुसरा खंड जवळजवळ सगळा नक्षीला वाहिलेला आहे. कलाशाळेच्या भट्टीतून निघालेल्या भांड्यांवर अजिंठ्याच्या वेली आणि कमळे चढली, ती याच शिकवणीतून.

या शिकवणीची किंमत भिंतींनी मोजली. काजळी धरलेल्या भिंतीवरची रेषा स्पष्ट दिसावी म्हणून ग्रिफिथ्स यांनी चित्रांवर वार्निश लावले. ते काळाने पिवळे-तपकिरी झाले आणि रंगाला घेऊन सुटू लागले. प्रतिकृतींचे नशीबही गिलच्या चित्रांसारखेच निघाले. १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आग लागली आणि ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांची कित्येक चित्रे तीत नष्ट झाली. शिकण्यासाठी मूळ वस्तू खराब करावी आणि शिकून केलेले कामही जळून जावे, असा हा दुहेरी तोटा. त्याचा दोष एकट्या माणसावर टाकणे सोपे आहे, पण जतनाचे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते हेही खरे.

म्हणूनच तिसरी फेरी झाली. क्रिस्टियाना हेरिंगहॅम ही वयाची पन्नाशी ओलांडलेली चित्रकर्ती. जुन्या इटालियन रंगविद्येवरील चेन्निनो चेन्निनींचा ग्रंथ त्यांनी इंग्रजीत आणला होता आणि अंड्याच्या बलकात रंग कालवण्याची विसरलेली रीत त्या स्वतः प्रयोग करून शिकल्या होत्या. ग्रिफिथ्स यांच्या प्रतींवर विसंबून न राहता भिंतींची नवी नोंद व्हावी, या आग्रहाने १९०९ ते १९११ या काळातील हिवाळ्यांत त्यांनी अजिंठ्याजवळ तंबूंचा तळ दिला. कोलकात्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि म्हैसूरचे के. वेंकटप्पा आले. हैदराबाद संस्थानाने सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन यांना पाठवले. इंग्लंडहून आलेल्यांत मिस ल्यूक आणि डोरोथी लार्चर होत्या. सगळे सगळ्या वेळी एकत्र नव्हते. पण या तुकडीकडे पाहिले की अवनींद्रनाथांचे शिष्य, निजामाच्या मुलखातील मुसलमान चित्रकार आणि लंडनची कलाशिक्षिका एकाच भिंतीसमोर शिडीवर चढलेली दिसतात. त्या काळात असा वर्ग दुसरीकडे भरत नव्हता.

लार्चर यांचे शिक्षण लंडनच्या हॉर्नसी कलाशाळेत झाले होते आणि तेथेच त्या शिकवतही होत्या. अजिंठ्याच्या कामात कल्पकतेला वाव नव्हता. अर्ध्या अंधारात, वटवाघळांच्या वासात भिंतीवरची रेषा आधी माग काढून उतरवायची, मग समोर पाहत रंगवायची. जेथे गिलावा गळाला आहे तेथे स्वतःच्या मनाने काही भरायचे नाही, असा दंडक. दिवसच्या दिवस दुसऱ्याच्या मनगटाच्या चालीने आपले मनगट चालवायचे. शिकणाऱ्याला हे अपमानास्पद वाटू शकते. पण नमुना बनवणाऱ्याला यातूनच कळते की एक पान वळताना कुठे जाड होते, एकच हंस वीस वेळा काढताना वीस हंस कसे होतात, आणि भरलेल्या जागेइतकीच मोकळी जागा कशी मोजावी लागते.

पुढे पहिले महायुद्ध आले आणि लार्चर यांनी ती वर्षे भारतातच काढली. या मुक्कामात त्यांनी येथील ठसेछपाई जवळून पाहिली आणि तिचा अभ्यास केला. त्यांना ही विद्या दाखवणाऱ्या छिप्यांची आणि रंगाऱ्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. उषवदाताच्या शिलालेखापासून चालत आलेली ही रीत विसाव्या शतकातही मोडली नव्हती.

त्यांनी जे पाहिले असेल ते समजण्यासाठी छिप्याची रीत थोडक्यात सांगणे बरे. कोरे कापड धुऊन खळ काढायची आणि हिरड्याच्या पाण्यात बुडवायची. वाळल्यावर त्याला फिकट पिवळी छटा येते. मोडके लोखंड गुळाच्या पाण्यात काही दिवस आंबवले की जे गढूळ पाणी मिळते, त्यात लाकडी ठसा बुडवून हिरडा प्यालेल्या कापडावर मारायचा. लोखंड आणि हिरडा भेटले की रेघ काळी होते. तुरटीच्या पाण्याने मारलेला ठसा आरंभी जवळजवळ दिसतच नाही. मग कापड मंजिष्ठेच्या किंवा आलाच्या मुळांबरोबर उकळले की जेथे तुरटी आहे तेथेच लाल उमटतो. म्हणजे छिपा रंगाने छापत नाही. रंग ज्याला धरून बसेल ते तो छापतो, आणि पुढे काय दिसणार आहे ते त्याला आधीच डोळ्यांपुढे ठेवावे लागते.

लार्चर हे पाहत होत्या तेव्हा ही विद्या मोडकळीस आली होती. १८६८-६९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेचा लाल प्रयोगशाळेत बनवला आणि आलाच्या शेतीचा आधार गेला. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. मँचेस्टरच्या छिटांनी त्याआधीच ठशाचे काम स्वस्तात पाडले होते. १९०५ च्या स्वदेशी चळवळीने परदेशी कापडाच्या होळ्या पेटवल्या, त्याला काहीच वर्षे लोटली होती. अशा वेळी मँचेस्टरच्या देशातील एक स्त्री येथे येऊन ठसा शिकते, हा इतिहासाचा वाकडा विनोद आहे. तो लार्चर यांच्या प्रामाणिकपणाला कमीपणा आणत नाही, पण विसरण्यासारखाही नाही.

मायदेशी परतल्यावर त्यांची गाठ फिलिस बॅरन यांच्याशी पडली. बॅरन यांना विद्यार्थिदशेत नॉर्मंडीत जुने फ्रेंच लाकडी ठसे मिळाले होते. त्या ठशांनी छापायचे कसे, हे सांगणारे इंग्लंडमध्ये कुणी उरले नव्हते. त्यांनी जुन्या पोथ्या धुंडाळून नीळ, लोखंड, माजूफळ आणि कात यांच्याशी स्वतःच झटापट केली. नत्राम्लाने निळीचा रंग उडवून पांढरी नक्षी काढण्याचा धाडसी प्रयोगही केला. एकीकडे पुस्तकातून शिकलेली रंगविद्या आणि दुसरीकडे लार्चर यांनी डोळ्यांनी पाहिलेली भारतीय छपाई, १९२३ पासून दोघींचा संसार आणि धंदा एकत्र झाला. आधी लंडनमधील हॅम्पस्टेड, आणि १९३० पासून ग्लॉस्टरशायरमधील पेन्सविक हे गाव.

त्यांच्या रंगांची यादी सिल्लोडच्या आठवडी बाजारातील जुन्या पंसाऱ्यालाही परकी वाटली नसती. नीळ, मंजिष्ठ, कात, गंजलेले लोखंड. विड्यावर लावायचा तोच कात त्यांच्या कापडावर उबदार तपकिरी होऊन उतरत होता. नमुने आधी कागदावर, मग लाकडावर किंवा लिनोलियमवर कोरायचे आणि हाताने ठोकून वाराने कापड छापायचे. श्रीमंत ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांच्या नौकेसाठी त्यांनी कापड केले आणि केंब्रिजच्या गर्टन या स्त्रियांच्या महाविद्यालयासाठीही. लार्चर यांचे नमुने बहुतेक फुला-पानांचे आणि बारीक रेषेचे. त्यांत अजिंठ्याचा हंस किंवा कमळ शोधत बसू नये. प्रतिकृतीच्या शिक्षणाने दिले ते मनगट होते, नमुना नव्हता. भेट दिलेल्या गावाची एखादी खूण उचलून कापडावर चिकटवणे आणि तेथे बसून रेषा शिकणे यांत जो फरक आहे, तो लार्चर यांच्या कामात स्पष्ट दिसतो. आज ‘अजिंठा डिझाइन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी कापडाबद्दल तसे म्हणता येणार नाही.

त्याच तळावरील नंदलाल बोस यांची वाट वेगळी, तरी कापडाच्या जवळून जाणारी. पुढे शांतिनिकेतनच्या कलाभवनात त्यांनी चित्राबरोबर अल्पना, बाटिक आणि विणकाम यांना अभ्यासात स्थान दिले. त्यांची कन्या गौरी भंज यांनी तेथे कित्येक वर्षे हस्तकला शिकवल्या. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच खेड्यात, खानदेशातील फैजपूर येथे भरले, तेव्हा गांधीजींनी सजावटीचे काम नंदलालांवर सोपवले. अट एकच होती. जे काही उभे राहील ते गावात मिळणाऱ्या वस्तूंचे असावे. बांबू, चटया, खादी आणि बैलगाड्यांच्या मुलखातील कारागिरांचे हात. अजिंठ्याच्या घाटावरून ज्या खानदेशाचे दर्शन होते, त्याच खानदेशात पंचवीस वर्षांनी नंदलाल पुन्हा आले होते, या वेळी भिंत उतरवून घेण्यासाठी नव्हे.

तळावरील इतरांचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. हेरिंगहॅम अजिंठ्याहून परतल्या आणि त्यांचे मन ढळले. उरलेले आयुष्य, १९२९ पर्यंत, त्यांनी रुग्णालयाच्या देखरेखीखाली काढले. १९१५ मध्ये इंडिया सोसायटीने काढलेल्या त्यांच्या ‘अजंठा फ्रेस्कोज’ या ग्रंथाचा आनंद त्यांना किती घेता आला असेल कुणास ठाऊक. सय्यद अहमद मात्र येथेच राहिले. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्यात लेण्यांचे अभिरक्षक म्हणून ते प्रतिकृती काढत राहिले. लार्चर फिरल्या, नंदलाल फिरले. सय्यद अहमद एका दरीत थांबून तीच भिंत पाहत राहिले.

दुसऱ्या महायुद्धात कापड आणि रंग मिळेनासे झाले आणि पेन्सविकमधील छपाई बंद पडली. बॅरन स्थानिक कारभारात रमल्या. लार्चर पुन्हा चित्राकडे वळल्या आणि १९५२ मध्ये मृत्यू येईपर्यंत फुले रंगवत राहिल्या. दोघींच्या कापडाचे तुकडे आणि नमुन्यांच्या वह्या रॉबिन टॅनर या मित्राने जपल्या. त्या आज इंग्लंडमध्ये फार्नहॅमच्या क्राफ्ट्स स्टडी सेंटरमध्ये आहेत.

अजिंठ्यास जाणाऱ्याने पहिल्या लेण्यात शिरल्यावर मंद उजेडाला डोळे सरावेपर्यंत थोडे थांबावे. भिंतींच्या रक्षणासाठी दिवे मुद्दाम मिणमिणते ठेवलेले आहेत. पद्मपाणीचा चेहरा पाहून झाला की नजर कमरेकडे उतरवावी, मग शेजारच्या आकृत्यांच्या चोळ्यांकडे आणि काठांकडे, आणि शेवटी मान वर करून छताच्या चांदव्याकडे. ठिपके, पट्टे आणि हंस त्याच क्रमाने सापडतील असे नाही.